मॉक दिल्यानंतरचे काम : कॅटच्या सराव परीक्षेचे परीक्षण कसे करावे?

कृष्णाकाठ (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षे मी सांगलीत कॅट (आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांची प्रवेशपरीक्षा) आणि सीईटी (महाराष्ट्रातली एमबीएची प्रवेशपरीक्षा) यांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना क्वांट (गणित) आणि डीआयएलआर (माहितीचे विश्लेषण आणि तर्क) शिकवतो. त्यांनी सोडवलेली मॉक त्यांच्या शेजारी बसून, प्रश्नामागून प्रश्न तपासणे हा माझ्या कामाचा सर्वांत मोठा भाग आहे. त्यातून जे दिसत आले ते इथे सविस्तर मांडावे आणि तयारी करणाऱ्यांनी, तसेच पूर्वी परीक्षा दिलेल्यांनी, त्यात भर घालावी यासाठी हा धागा काढत आहे.

बहुतेकांची पद्धत ठरलेली असते. मॉक संपली की पडद्यावर गुण आणि पर्सेंटाइल (किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा) येतात, चुकलेल्या प्रश्नांची उत्तरे उघडून वाचली जातात, ‘हे तर मला येत होते’ असे वाटते आणि पुढच्या रविवारी पुढची मॉक लावली जाते. उत्तर वाचून समजणे आणि उत्तर स्वतःला सुचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. छापलेली रीत ओळीने वाचत गेले की ती पटतेच. परीक्षेत मात्र तिची पहिली ओळ आपल्यालाच सुचावी लागते. म्हणून माझा आग्रह असा, की उत्तरे उघडण्याआधी चुकलेले, सोडलेले आणि ज्यांच्याकडे पाहायलाही वेळ मिळाला नाही असे सगळे प्रश्न कोऱ्या कागदावर, घड्याळ न लावता पुन्हा सोडवावेत.

असे केल्यावर प्रश्नांची आपोआप विभागणी होते. काही प्रश्न निवांत बसल्यावर सहज सुटतात. तिथे विषय कच्चा नसून प्रश्नाची निवड किंवा वेळेचा हिशेब चुकलेला असतो. काही प्रश्न तासभर बसूनही सुटत नाहीत. तिथे पुस्तक उघडून तो भाग मुळापासून करावा लागतो. दोन्ही ठिकाणी गुण सारखेच गेलेले दिसतात, पण पुढच्या आठवड्यात करायचे काम पूर्णपणे वेगळे असते. उत्तरे आधीच वाचून टाकली तर कोणता प्रश्न कोणत्या गटात होता हे नंतर कधीच कळत नाही.

२०२४ च्या कॅटमध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते : व्हीएआरसीचे (इंग्रजी वाचन आणि भाषा) २४, डीआयएलआरचे २२ आणि क्वांटचे २२, आणि प्रत्येक सेक्शनला स्वतंत्र ४० मिनिटे. एका सेक्शनचा वेळ उरला तरी तो दुसऱ्याकडे नेता येत नाही. क्वांटमध्ये प्रश्नामागे दोन मिनिटेही येत नाहीत. त्यामुळे जो प्रश्न बरोबर आला पण ज्यावर पाच मिनिटे गेली, त्याने पुढचा एखादा सोपा प्रश्न खाल्लेला असतो, आणि गुणपत्रकात तो हिरव्या रंगातच दिसत राहतो.

बरोबर आलेल्या प्रश्नांना परीक्षणात कोणी हात लावत नाही आणि माझ्या मते सर्वांत मोठी हानी इथेच होते. एक उदाहरण देतो. ६० लिटर मिश्रणात दूध आणि पाणी यांचे प्रमाण २:१ आहे. ते १:२ होण्यासाठी किती पाणी घालावे लागेल? उत्तर ६० लिटर, आणि एका विद्यार्थिनीने तेच लिहिले होते. कसे काढले, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘प्रमाण उलटे करायचे असेल तर जेवढे मिश्रण आहे तेवढेच पाणी घालायचे.’ मी तिला तोच प्रश्न ३:१ चे १:३ करण्यासाठी दिला. दूध ४५ लिटर, पाणी १५ लिटर. दूध तेवढेच राहणार, म्हणजे पाणी १३५ लिटर हवे आणि १२० लिटर घालावे लागेल. तिच्या नियमाने पुन्हा ६० आले. ३:२ चे २:३ करायचे असेल तर ३० लिटर पुरतात. तिचा नियम फक्त तेव्हाच जमतो, जेव्हा प्रमाणातला पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असतो, आणि मॉकमध्ये नेमके तेच आकडे आले होते. तिला तीन गुण मिळाले आणि एक चुकीचा नियम पक्का झाला. मुख्य परीक्षेत तो वेगळ्या आकड्यांसमोर उभा राहिला असता.

म्हणून बरोबर आलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर दोनच गोष्टी लिहाव्यात : रीत मला कारणासह सांगता येते का, आणि किती वेळ गेला.

रात्रपाळी :

धागा योग्य वेळी आला, आभारी आहे. मी हिंजवडीत नोकरी करत कॅटची तयारी करतो आहे. तुम्ही सांगता ते पटते, पण मॉकला दोन तास आणि अशा परीक्षणाला पाच-सहा तास लागणार असतील, तर नोकरी करणाऱ्याने ते बसवायचे कसे? आमच्या तयारीच्या गटात आठवड्याला तीन मॉक देणारेही आहेत, आणि त्यांच्यापुढे आपण मागे पडतो आहोत असे सतत वाटत राहते. दुसरे म्हणजे, क्वांटच्या प्रश्नाला ठरलेली रीत असते; डीआयएलआरच्या सेटचे (एकाच माहितीवरच्या प्रश्नगटाचे) परीक्षण म्हणजे नेमके काय करायचे हे मला अजून उलगडलेले नाही. सेट सुटला तर सुटला, नाही तर नाही, इतकेच हाती लागते.

कृष्णाकाठ (धागाकर्ता) :

रात्रपाळी, परीक्षण एका बैठकीत करायची गरज नाही. रविवारी मॉक दिली तर सोमवारी क्वांट, मंगळवारी डीआयएलआर आणि बुधवारी व्हीएआरसी असे रोज तास-दीड तास काढून भागते. प्रश्न डोक्यात ताजे असताना, म्हणजे मॉक संपल्यावर लगेच, फक्त एक काम करावे : कोणत्या प्रश्नावर आपण का अडलो आणि कुठे अंदाज केला, हे प्रत्येकी चार शब्दांत टिपून ठेवावे, कारण तिसऱ्या दिवशी हे आठवत नाही. आणि आठवड्याला तीन मॉक देऊन एकीचेही परीक्षण न करणाऱ्यांशी तुलना करू नका. मॉक आपल्याला काय येत नाही ते दाखवते, ते शिकवत मात्र नाही.

आता डीआयएलआर. २०२४ मध्ये पाच सेट आले होते, आणि ४० मिनिटांत पाचही सेट नीट सोडवणे फार थोड्यांना जमते. म्हणजे या सेक्शनमध्ये अर्धी परीक्षा कोणते सेट घ्यायचे याची असते. परीक्षणात पाचही सेट निवांत सोडवावेत आणि मग कागदावर लिहावे, की हे सेट मी कोणत्या क्रमाने घ्यायला हवे होते आणि तो क्रम मला मजकूर वाचतानाच कोणत्या खुणेवरून कळू शकला असता. ‘हा सेट अवघड होता’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘या सेटमध्ये एकही निश्चित आकडा दिलेला नव्हता, सगळ्या अटी तुलनेच्या होत्या’ हे वाक्य पुढच्या मॉकमध्ये उपयोगी पडते.

त्याबरोबर प्रत्येक सेटसाठी लिहावे, की तो कोणत्या वाक्याने उघडला. समजा, सहा संघ एकमेकांशी प्रत्येकी एकदा खेळतात, विजयाला ३ गुण, बरोबरी झाली तर दोघांना १-१ गुण, आणि गुणतक्ता अर्धवट दिलेला आहे. बहुतेक मुले लगेच कोण कोणाशी जिंकले याचे चौकोन भरायला बसतात आणि दहा मिनिटांनी तिथेच असतात. सामने एकूण १५. निकाली सामना तक्त्यात ३ गुण टाकतो आणि बरोबरीचा सामना २. म्हणजे सर्व संघांच्या गुणांची बेरीज ४५ मधून बरोबरीचे सामने वजा केल्यावर जी येईल तीच असणार. बेरीज ४१ असेल तर चार सामने बरोबरीत सुटले, हे एकही चौकोन न भरता कळते, आणि त्यानंतर तक्ता भराभर भरत जातो. परीक्षणाच्या वहीत या सेटसमोर एकच ओळ यावी : ‘आधी एकूण बेरीज.’ पुढचा सेट संघांचा नसेल, विक्रेत्यांचा किंवा मतांचा असेल. ही ओळ तिथेही चालते.

वेळ वाचवण्याचे क्वांटमधले एक उदाहरणही देतो. |क्ष − ३| + |क्ष + ५| ≤ १२ या अटीत बसणारे पूर्णांक किती? तीन प्रकार पाडून सोडवणाऱ्याला तीन मिनिटे लागतात आणि उत्तर बरोबर येते. पण संख्यारेषेवर पाहिले तर ही ३ आणि −५ पासूनच्या अंतरांची बेरीज आहे. त्या दोहोंमधले अंतर ८. उरलेले ४ दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे, म्हणजे २-२ वाटले जातात. त्यामुळे क्ष −७ पासून ५ पर्यंत, एकूण १३ पूर्णांक. अर्धे मिनिटही लागत नाही. असे प्रश्न ‘बरोबर पण लांबच्या वाटेने’ म्हणून वेगळे टिपावेत आणि छोटी वाट त्याच दिवशी दोनदा हाताने लिहून काढावी.

शांतपठार :

व्हीएआरसीबद्दल लिहिते. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि कॅट देऊन सध्या एका व्यवस्थापन संस्थेत शिकत आहे. मराठी माध्यमातल्या मुलांना सर्रास सांगितले जाते, की तुमचा शब्दसंग्रह कमी पडतो. माझ्या मॉक तपासताना मला तसे दिसले नाही. २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवरचे असतात आणि त्यांत शब्दाचा अर्थ थेट क्वचितच विचारला जातो. खरा घोळ होतो तो लेखकाचे म्हणणे आणि लेखकाने खोडून काढण्यासाठी मांडलेले दुसऱ्याचे म्हणणे यांची सरमिसळ झाल्यामुळे.

मी परीक्षणात असे करत असे : उताऱ्याच्या प्रत्येक परिच्छेदाखाली मराठीत एक ओळ लिहायची, आणि तिची सुरुवात ‘लेखक म्हणतो’ किंवा ‘काही लोक म्हणतात, पण’ अशीच करायची. मराठीत लिहिल्यामुळे उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचलण्याची सोय राहत नाही. समजले असेल तरच ओळ लिहिता येते. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाच्या चारही पर्यायांसमोर तो का बरोबर किंवा का चूक हे उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवून लिहायचे. काही महिन्यांनी आपल्याला नेहमी कोणता पर्याय भुलवतो हे स्पष्ट दिसते. कोणी उताऱ्यापेक्षा टोकाचे विधान निवडतो, तर कोणी खरे पण न विचारलेले निवडतो. मला नेहमी भुलवत असे तो अर्धा बरोबर आणि शेवटच्या चार शब्दांत घसरणारा पर्याय.

सारांशाच्या प्रश्नात पर्याय पाहण्याआधी स्वतःचा एक वाक्याचा सारांश मनात तयार करावा. परीक्षणात तो वहीत लिहावा आणि बरोबर पर्यायाशी ताडून पाहावा. वाक्यांचा क्रम लावण्याच्या प्रश्नांत तर उत्तर चुकले तरी कोणत्या दोन वाक्यांची जोडी आपण बरोबर ओळखली होती, ते लिहून ठेवण्यासारखे असते.

बेरीजवजाबाकी :

अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नांचे परीक्षण हा मुद्दा राहिला आहे. ‘निगेटिव्ह मार्किंग आहे, म्हणून खात्री नसेल तर सोडा’ असा सल्ला सरसकट दिला जातो. तो हिशेबाला धरून नाही. बरोबर उत्तराला ३ आणि चुकीच्या उत्तराला वजा १, पर्याय चार. डोळे मिटून खूण केली तर चारांत एकदा ३ मिळतात आणि तीनदा १ जातो, म्हणजे सरासरी शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर प्रश्नामागे सरासरी एक तृतीयांश गुणाचा फायदा, आणि दोन बाद करता आले तर पूर्ण एका गुणाचा. दोन पर्यायांत अडकून प्रश्न सोडून देणारा विद्यार्थी दर वेळी एक गुण टाकून देत असतो.

मात्र हा हिशेब पर्याय खरोखर बरोबर बाद केले असतील तरच लागू होतो, आणि तेच मॉकच्या परीक्षणात मोजता येते. जिथे दोनांपैकी एक निवडावे लागले अशा सर्व प्रश्नांवर मॉक चालू असतानाच रफ कागदावर खूण करा आणि नंतर त्यांतले किती बरोबर आले ते पाहा. अनेक मॉक मिळून निम्म्याच्या आसपास बरोबर येत असतील तर निर्धास्तपणे उत्तर द्या. चारांत एकाहूनही कमी बरोबर येत असतील तर तुम्ही योग्य पर्यायच बाद करत आहात, आणि मग शांतपठार यांनी सांगितलेले काम आधी करावे लागेल. हा आकडा प्रत्येक सेक्शनचा वेगळा काढावा. क्वांटमध्ये पर्याय बाद करण्याला गणिताचा आधार असतो. उताऱ्यांत पुष्कळदा नुसता कल असतो.

ज्या प्रश्नांत उत्तर टंकायचे असते, त्यांना निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथली एकही जागा रिकामी राहिली असेल तर ती परीक्षणात चूक म्हणूनच नोंदवावी.

मंद्रसप्तक :

इथे सीईटी देणारेही वाचत असतील म्हणून लिहितो. वरचे परीक्षण जसेच्या तसे सीईटीला लावू नये. आमच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असत आले आहेत : लॉजिकल रीझनिंगचे ७५, आकृत्यांचे २५, क्वांटचे ५० आणि इंग्रजीचे ५०. निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रश्नामागे ४५ सेकंद. इथे बहुतेक प्रश्न निवांत बसल्यावर कोणालाही सुटतात, त्यामुळे पुन्हा सोडवून पाहण्यातून फारसे काही कळत नाही. मुंबईतल्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम या व्यवस्थापन संस्थांसाठी स्पर्धा करणाऱ्याने पाहायचे ते हे, की कोणत्या प्रश्नावर आपण दीड मिनिटाच्या पुढे गेलो आणि तरीही तो सोडायला तयार झालो नाही.

दुसरी गोष्ट, शेवटच्या मिनिटांत ज्या प्रश्नांवर नुसत्या खुणा केल्या त्यांचे गुण वेगळे काढून मगच दोन मॉकची तुलना करावी. निगेटिव्ह मार्किंग नसलेल्या परीक्षेत हे गुण कधी वर, कधी खाली जातात आणि त्यामुळे प्रगती किंवा घसरण झाल्याचा भास होतो. एखादा मुलगा खरे तर आठ प्रश्न अधिक सोडवू लागलेला असतो, पण अंदाजाचे गुण कमी पडले म्हणून निराश होऊन पद्धतच बदलतो. हे मी जवळून पाहिले आहे.

रात्रपाळी :

सर्वांचे आभार, विशेषतः बेरीजवजाबाकी यांचे. आजच मागची मॉक काढून दोन पर्यायांत अडकलेले प्रश्न मोजायला बसतो. पर्सेंटाइलचे काय करायचे, एवढे कोणी सांगावे. एकाच आठवड्यात दोन वेगळ्या क्लासच्या मॉक दिल्या तर पर्सेंटाइलमध्ये मोठा फरक पडतो. कोणता खरा मानायचा?

शांतपठार :

मॉकचा पर्सेंटाइल म्हणजे ती मॉक देणाऱ्यांमधले तुमचे स्थान, त्याहून अधिक काही नाही. २०२४ ची कॅट सुमारे २.९३ लाख जणांनी दिली. त्यात ९९ पर्सेंटाइल म्हणजे साधारण पहिल्या २,९०० मध्ये येणे. मॉक देणारा गट मात्र पैसे भरून, नेटाने तयारी करणाऱ्यांचा असतो आणि क्लासगणिक तो बदलतो. शिवाय कॅट तीन सत्रांत होते आणि सत्रांच्या काठिण्याचा फरक काढून टाकण्यासाठी गुण एका मापावर आणले जातात. म्हणून दोन क्लासच्या पर्सेंटाइलची तुलना करू नये. एकाच मालिकेतल्या आपल्या सेक्शनवार गुणांचा कल पाहावा. सेक्शनवार यासाठी, की आयआयएम मुलाखतीला बोलावताना एकूण पर्सेंटाइलबरोबर प्रत्येक सेक्शनचा किमान पर्सेंटाइलही पाहतात. एकूण आकडा चांगला आणि डीआयएलआर कोसळलेले, अशी मॉक चांगली गेली असे म्हणता येत नाही.

आणि क्लासच्या मॉकमध्ये एखाद्या प्रश्नाचे दिलेले उत्तरच चुकीचे असू शकते, हे लक्षात ठेवा. आपली रीत प्रत्येक पायरीवर टिकत असेल तर चार जणांना दाखवा, छापील उत्तरासाठी ती मोडू नका. शेवटच्या महिन्यात आयआयएमनी प्रसिद्ध केलेल्या मागच्या वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात. त्यांच्या उत्तरतालिकेवर परीक्षार्थींना हरकती घेता येतात, त्यामुळे ती उत्तरे अधिक भरवशाची असतात आणि प्रश्नांची भाषाही खरी असते.

कृष्णाकाठ (धागाकर्ता) :

शांतपठार यांनी उत्तर दिलेच आहे. मला निरोपांतून दोघांनी वहीचा नमुना मागितला, तो देतो. मोठे रकाने आखू नका, भरायचा कंटाळा येतो आणि तिसऱ्या मॉकला वही बंद पडते. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीची एक नोंद अशी आहे : ‘प्र. १४. मिश्रण. उत्तर बरोबर, रीत चुकीची. दूध बदलत नाही, तेच धरून पाणी काढायचे. ३:२ घेऊन पुन्हा केले.’ एवढे पुरते. ‘सिली मिस्टेक’ हा शेरा मात्र मी माझ्या विद्यार्थ्यांना लिहू देत नाही. वजाबाकी चुकली असेल तर वजाबाकी चुकली असे लिहावे, ‘नाही’ हा शब्द वाचायचा राहिला असेल तर तसे लिहावे. एकाच शेऱ्याखाली सगळे ढकलले की नेमके काय वारंवार होते ते दिसत नाही.

मंद्रसप्तक यांची हरकत रास्त आहे आणि सीईटीपुरता मी माझा आग्रह मागे घेतो. तिथे आधी वेळेचीच नोंद हवी.

पुढची मॉक केव्हा द्यावी, असेही विचारले आहे. मागच्या मॉकमध्ये ज्या भागांचे प्रश्न घड्याळाशिवायही सुटले नव्हते, त्यांतल्या निदान दोन भागांचा अभ्यास पूर्ण झाला असेल आणि चुकलेले प्रश्न आठवड्याने कोऱ्या कागदावर पुन्हा सुटत असतील, तर द्यावी. तोपर्यंत ४० मिनिटांचा एकेक सेक्शन वेगळा लावून सोडवता येतो. रात्रपाळी, तुमच्या मोजणीत काय निघाले ते सेक्शनवार इथेच लिहा. आकडे समोर असले की पुढचे बोलता येईल.